हिस येतोय म्हणून प्रीअ‍ॅम्प बदलताय? त्याआधी या चुका टाळा

घरी रेकॉर्ड केलेल्या आवाजामागे सळसळ ऐकू आली की पहिला संशय माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअ‍ॅम्पवर जातो. माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या इंटरफेससोबत आलेला प्रीअ‍ॅम्प साधाच असणार, तेव्हा वेगळा आणि भारीतला घेऊ, असं मन ठरवूनच टाकतं. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो. दोष खोलीत असतो, माइकच्या अंतरात असतो किंवा चुकीच्या सॉकेटमध्ये असतो.

आधी आकडे बघू. प्रीअ‍ॅम्प स्वतः किती नॉइझ घालतो ते 'ईआयएन' (इक्विव्हॅलंट इनपुट नॉइझ) या आकड्यावरून कळतं; तो जितका जास्त उणे, तितकी सळसळ कमी. माइकच्या जागी धरलेल्या १५० ओहमच्या रोधातून निव्वळ उष्णतेमुळे साधारण उणे १३१ डीबीयू (सिग्नलची पातळी मोजायचं एकक) नॉइझ येतोच. त्याच्याखाली कोणताही प्रीअ‍ॅम्प जाऊ शकत नाही, कितीही पैसे मोजले तरी. आजच्या साध्या इंटरफेसचा ईआयएन उणे १२८ च्या आसपास असतो. ए-वेटिंगचा (कानाला कमी ऐकू येणारे स्वर कमी धरून मोजण्याचा) हिशेब धरला तरी जगातल्या सगळ्यात शांत प्रीअ‍ॅम्पकडून मिळणारा फायदा पाचेक डीबीच्या वर जात नाही. आणि हो, ईआयएन सहसा पूर्ण गेनवर, म्हणजे सिग्नल जास्तीत जास्त वाढवून, मोजलेला असतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना मोजण्याची रीत सारखी आहे ना, ते बघा.

आता शुअरच्या एसएम७बीसारखा कमी आउटपुटचा, 'याला महागडा प्रीअ‍ॅम्पच लागतो' अशी ख्याती असलेला माइक घ्या. त्याची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक आवाजाला मिळणारं आउटपुट, उणे ५९ डीबीव्ही प्रति पास्कल. उणे १२८ च्या प्रीअ‍ॅम्पला तो जोडला, तर या जोडीचा एकूण नॉइझ खोलीतल्या सुमारे २३ डीबी आवाजाइतका भरतो. पंखा बंद केलेली, रात्रीची शांत खोलीसुद्धा ३० डीबीच्या आसपास असते. म्हणजे खोलीच प्रीअ‍ॅम्पपेक्षा जास्त बोलते.

खात्री करायची तर चाचणी सोपी आहे. गेन नेहमी रेकॉर्डिंगला असतो तिथेच ठेवा. माइक जाड रजईत गुंडाळून कपाटात बंद करा आणि थोडा वेळ शांतता रेकॉर्ड करा. मग तोच माइक नेहमीच्या जागी ठेवून पुन्हा तेच करा. कपाटातली शांतता स्पष्टपणे जास्त शांत असेल तर प्रीअ‍ॅम्प सुटला. कॉम्प्युटरचा पंखा, खिडकी, रस्ता यांच्याकडे वळा. दोन्ही रेकॉर्डिंग सारखीच सळसळत असतील तरच प्रीअ‍ॅम्प किंवा माइकच्या स्वतःच्या नॉइझवर संशय घ्या. ही चाचणी माइक काढून करू नका. इनपुट उघडा राहिला की नॉइझ आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि चांगल्या इंटरफेसवर आळ येतो.

खोलीचाच नॉइझ निघाला तर सर्वांत स्वस्त उपाय अंतर. माइक ३० सेंटिमीटरवरून १५ वर आणला की आवाज साधारण ६ डीबीने वाढतो, खोली मात्र तेवढीच राहते. पाच डीबीसाठी नवं यंत्र घ्यायचं की स्टँड अर्धा फूट पुढे सरकवायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त पॉप फिल्टर लावा आणि तोंड माइकच्या थोडं बाजूला ठेवा, नाहीतर 'प' आणि 'ब' त्रास देतील.

गेन पुरत नाही, ही वेगळी तक्रार

नॉइझ आणि गेन यांची गल्लत फार होते. हळू आवाजात बोलणाऱ्याला एसएम७बीसाठी ६० डीबीच्या आसपास गेन लागतो. फोकसराइट स्कार्लेट २आय२ च्या तिसऱ्या पिढीत तो ५६ डीबी होता, चौथ्या पिढीत ६९ झाला. खरेदी करताना 'स्टुडिओ दर्जा' वगैरे शब्दांपेक्षा हा आकडा बघा. कंडेन्सर माइक वापरणार असाल तर मात्र त्याची एवढी चिंता नको, कारण त्यांचं आउटपुट एसएम७बीसारख्या डायनॅमिक माइकपेक्षा बरंच जास्त असतं.

गेन थोडा कमी पडला तरी घाबरायचं कारण नाही. २४ बिटच्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजाची सैद्धांतिक रेंज १४४ डीबीची असते. पीक (सर्वांत मोठा आवाज) मीटरवर उणे १२ च्या आसपास, अगदी उणे २० ला राहिला तरी सॉफ्टवेअरमध्ये वाढवता येतो. वाढताना नॉइझही वाढेल, पण तो आधीपासून होता तेवढाच. खरं नुकसान उलट्या सवयीने होतं. मीटर लालच्या जवळ नेऊन रेकॉर्ड करायचं आणि गाणाऱ्याने वरचा स्वर लावला की आवाज फाटतो. तो टेक नंतर नीट दुरुस्त होत नाही.

क्लाउडलिफ्टरसारखा इनलाइन बूस्टर २५ डीबीपर्यंत गेन देतो, पण त्याला स्वतःला ४८ व्होल्टचा फँटम (माइकच्या केबलमधून येणारा वीजपुरवठा) लागतो आणि तो फँटम पुढे माइकला देत नाही. त्यामुळे फँटमवर चालणाऱ्या कंडेन्सरमागे बूस्टर लावला की काहीच ऐकू येत नाही आणि लोक केबल बदलत बसतात. जुना रिबन माइक असेल तर फँटम सुरू करण्याआधी त्याचं मॅन्युअल वाचा.

वेगळा प्रीअ‍ॅम्प घेतला, तर तो जोडायचा कुठे?

इथली चूक सर्वांत महागात पडते. वेगळ्या प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट लाइन लेव्हलचं, म्हणजे आधीच वाढवलेलं, असतं. ते एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबलने इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटमध्ये खुपसलं की सिग्नल पुन्हा इंटरफेसच्या माइक प्रीअ‍ॅम्पमधून जातो. परिणाम: आवाज फाटणं, किंवा गेन खाली ओढूनही 'काही फरकच कळत नाही' अशी निराशा. बऱ्याच इंटरफेसवर त्याच सॉकेटच्या मधल्या मोठ्या जॅकला लाइन इनपुट असतो, तिथे टीआरएस (मोठ्या जॅकची बॅलन्स्ड) केबल लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये किंवा बटणावर 'लाइन' निवडा. इंटरफेसवर असा लाइन इनपुटच नसेल तर वेगळा प्रीअ‍ॅम्प आत्ता घेऊ नका.

रंगाची, म्हणजे यंत्र आवाजाला देतं त्या छटेची, गोष्ट वेगळी. १९७० सालच्या नीव्ह १०७३ च्या धाटणीचे ट्रान्सफॉर्मरवाले प्रीअ‍ॅम्प जरा जोरात चालवले की आवाजात जाडी येते आणि ती काहींना हवीशी वाटते. ती हौस आहे, आणि हौसेला माझी ना नाही. पण नॉइझवरचा इलाज म्हणून ते घेऊ नका. माइक चार बोटं सरकवल्याने आवाजात जो फरक पडतो, त्यापुढे हा रंग बहुधा फिका वाटतो.

गिटार माइक किंवा लाइन इनपुटला लावली की आवाज मंद आणि कोंदट येतो. तिला साधारण १० लाख ओहमचा इन्स्ट्रुमेंट इनपुट लागतो. ते बटण दाबा, तक्रार संपली.

आकड्यांवर जाऊ नका

इंटरफेसवर '१८ इन' लिहिलंय म्हणजे अठरा माइक लागतील असं नाही. स्कार्लेट १८आय२० वर माइक प्रीअ‍ॅम्प आठ. उरलेल्यांत आठ एडॅट आणि दोन एस/पीडीआयएफ, म्हणजे दुसऱ्या यंत्राकडून येणारे डिजिटल इनपुट. आणि ९६ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर गेलात की एका एडॅट केबलवरचे आठ चॅनल चार होतात. एकटे गाणार असाल तर दोन इनपुट पुरतात, ड्रम माइक करायचे असतील तर आठ लागतील.

यूएसबी-सीचा मोहही तसाच. तो कनेक्टरचा आकार आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या आठ चॅनलना सेकंदाला साधारण ९ मेगाबिट लागतात, जुना यूएसबी २.० तब्बल ४८० देतो. लेटन्सी, म्हणजे आवाज परत ऐकू येण्यातला उशीर, बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवतो तेवढे सॅम्पल) आणि ड्रायव्हरवर ठरते. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पलचा बफर एका दिशेने साडेअकरा मिलिसेकंदांचा होतो आणि गायकाला हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून येताना जाणवतो. गाताना बफर १२८ किंवा ६४ करा, नाहीतर डायरेक्ट मॉनिटरिंग (आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता थेट हेडफोनमध्ये) सुरू करा. मिक्स करताना तो पुन्हा वाढवा.

कटकट आवाज येत असेल तर बफर वाढवून बघा, मधला हब काढा, मग सॉफ्टवेअर आणि इंटरफेसचा सॅम्पल रेट जुळतोय का ते तपासा. एडॅटने दुसरं यंत्र जोडलं असेल तर क्लॉक एकाचाच हवा; दोघंही स्वतःच्या तालात चालली की टकटक ठरलेली. घुमघुम हम येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर मामला ग्राउंड लूपचा, म्हणजे अर्थिंगच्या एकाहून जास्त वाटांचा आहे. स्पीकरसाठी बॅलन्स्ड केबल वापरा आणि सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शनवर घ्या. अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नका, त्यात जिवाचा धोका आहे.

जुना इंटरफेस घेताना त्याचा आवाज ऐकण्याआधी कंपनीच्या ड्रायव्हर पानावर जा. विंडोजवर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर हवा. एएसआयओ४ऑल विंडोजच्याच ड्रायव्हरवर चालणारा मधला थर आहे, तात्पुरता ठीक. तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव त्या पानावर नसेल, तर प्रीअ‍ॅम्प कितीही गोड असला तरी ते यंत्र घेऊ नका.