क्रोशाचा बुलबुल विणताना

गोव्याचा राज्यपक्षी असलेला बुलबुल क्रोशाने विणायला फार देखणा. डोकं काळं, अंग पिवळं आणि गळ्याशी लालभडक ठिपका. सगळी गंमत त्या लाल ठिपक्यात आहे, म्हणून रंग बदलताना घाई नको. काळ्याचा शेवटचा मुका खांब (सिंगल क्रोशे टाका) पूर्ण करू नका. सुईवर दोन फास उरले की लाल धागा घ्या आणि तोच त्या दोन्हींतून ओढा. पुढचा टाका स्वच्छ लाल येतो, काळ्याची कड डोकावत नाही.

सुई मात्र धाग्याच्या वेष्टनावर लिहिलेल्या मापापेक्षा एखाद-दुसरा नंबर बारीक घ्या. वीण घट्ट बसली तरच आतलं भरण दिसत नाही. भरायला पॉलिएस्टरचा फायबर बरा. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत साधा कापूस ओल धरतो, त्याच्या गुठळ्या होतात. चिमूटचिमूट भरा, मान सर्वांत घट्ट, नाहीतर डोकं कलंडतं.

घरात लहान मूल असेल तर मण्यांचे डोळे नकोतच, धाग्याने टाके घालून काढा. शेपूट शेवटी, टाचण्यांनी लावून बघून मगच शिवा.