ठरल्या वेळी वेबसाइटला आपोआप विनंती कशी पाठवावी

समजा, एका वाचनालयाच्या वेबसाइटवर असा पत्ता आहे की तो उघडला की पुस्तकाची मुदत आज संपणाऱ्या सभासदांना संदेश जातात. रोज सकाळी आठला तो कुणीतरी उघडायला हवा. स्वतःचा लिनक्स सर्व्हर असेल तर त्यातला क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवणारी सोय) पुरतो, पुढे वाचायचीही गरज नाही. साध्या होस्टिंगवर क्रॉनची सोय नसेल तर बाहेरची सेवा लागते. क्रॉन-जॉब डॉट ऑर्ग ही त्यातली एक, फुकट. एकच जॉब (म्हणजे ठरल्या वेळी पाठवायची विनंती) असेल तर तिच्या पॅनेलवरून बनवा. बरेच असतील किंवा तुमच्या प्रोग्रॅमनेच ते बनवायचे-बदलायचे असतील तर एपीआय (प्रोग्रॅमने सेवेशी बोलायची सोय) बरा.

आधी खात्याच्या सेटिंग्जमधून एपीआय की, म्हणजे तुमची ओळख पटवणारा गुप्त मजकूर, घ्या. ती कोणत्या आयपीवरून चालावी हे तिथेच ठरवता येतं, ते कराच. की कोडमध्ये लिहू नका, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, सिस्टिमच्या सेटिंगमध्ये) ठेवा.

मग एपीआयच्या 'जॉब्स' या पत्त्यावर 'पुट' प्रकारची विनंती पाठवा. इथे बरेच जण सवयीने 'पोस्ट' पाठवतात आणि अडकतात. ऑथोरायझेशन हेडरमध्ये (हेडर म्हणजे विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) 'बेअरर' आणि त्यापुढे की, कंटेंट-टाइप जेसन (माहिती लिहायची एक ठरावीक पद्धत). मजकुरात 'जॉब' नावाचा एक ऑब्जेक्ट, त्यात तुमची यूआरएल आणि वेळापत्रक. 'एनेबल्ड' आठवणीने ट्रू करा. ते मुळात फॉल्स असतं, म्हणजे जॉब तयार होतो आणि नुसता पडून राहतो. 'सेव्ह रिस्पॉन्सेस'ही सुरुवातीला चालू ठेवा.

वेळापत्रक याद्यांनी सांगायचं असतं: तास [८], मिनिटं [०], तारखा, महिने आणि वार [-१]. उणे एक म्हणजे 'सगळे'. वारांत रविवार ०, शनिवार ६. सोमवारी वाचनालय बंद असेल तर वारांची यादी [०, २, ३, ४, ५, ६]. (आकडे इथे मराठीत आहेत, कोडमध्ये इंग्रजीच द्या.)

खरी गोम टाइमझोनमध्ये आहे. तो दिला नाही तर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरली जाते. भारत तिच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे सकाळी आठचा संदेश दुपारी दीडला जातो. म्हणून टाइमझोनमध्ये 'एशिया/कोलकाता' लिहा. उत्तरात जॉबचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. त्या क्रमांकाची हिस्टरी मागवली की आधीच्या फेऱ्यांसोबत पुढच्या फेऱ्यांच्या अंदाजे वेळाही येतात. त्या युनिक्स टाइमस्टॅम्पच्या (१९७० च्या सुरुवातीपासूनच्या सेकंदांच्या) रूपात असतात. एखादा भारतीय वेळेत बदलून पाहा. आठ वाजले दिसले की झालं, उद्या सकाळपर्यंत थांबायला नको.

आता तुमच्या बाजूचं काम, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं तेच. पत्ता कुणाच्याही हाती लागला तर तो संदेशांचा पाऊस पाडू शकतो. म्हणून जॉबच्या 'एक्स्टेंडेड डेटा'मध्ये एक गुप्त हेडर द्या आणि साइटवर तो तपासा. शिवाय एकच विनंती दोनदा आली तरी संदेश एकदाच जावा, यासाठी कोणत्या सभासदाला कोणत्या तारखेचा संदेश गेला याची नोंद डेटाबेसमध्ये ठेवा आणि पाठवण्याआधी ती बघा. सभासद शेकड्यांनी असतील तर विनंती येताच काम रांगेत टाकून २०२ ('विनंती स्वीकारली, काम नंतर होईल') परत करा. सगळे संदेश जाईपर्यंत ताटकळत ठेवलंत तर टाइमआउट होतो आणि झालेलं काम फसलं असं दिसतं.

एपीआयला दिवसाला १०० विनंत्यांची मर्यादा आहे. ती जॉब बनवणं, बदलणं, हिस्टरी मागवणं अशा विनंत्यांसाठी. जॉब किती वेळा चालतो याच्याशी तिचा संबंध नाही. पण स्थिती बघायला दर मिनिटाला हिस्टरी मागवाल तर दोन तासांच्या आत ४२९ (मर्यादा ओलांडल्याची त्रुटी) येईल. ४०१ आला तर की तपासा, ४०३ आला तर आयपीची अट.

वेळ बदलायची झाली तर 'पॅच' प्रकारची विनंती वापरा आणि फक्त बदललेला भाग पाठवा. सतत फसणारा जॉब ही सेवा स्वतःच बंद करते, म्हणून नोटिफिकेशनमधले 'ऑन फेल्युअर' आणि 'ऑन डिसेबल' दोन्ही चालू ठेवा, आणि खात्याला रोज उघडली जाणारीच ईमेल द्या.