जुन्या लॅपटॉपची डिस्क तपासायला बसताय? रिकामी डिस्क आणली का?

सगळ्यात आधी रिकामी डिस्क. पेचकस नंतर, पेनड्राइव्ह नंतर, त्या मॉडेलचं झाकण कसं उघडतं त्याचा व्हिडिओ बघणंही नंतर. रिकामी डिस्क घरात नसेल तर बिघडलेल्या लॅपटॉपचं बटण दाबायचं नाही. दाबून बसला असाल तर बंद करा आणि बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, जाऊन या.

हे एवढ्या तोऱ्यात सांगतोय कारण माझ्या हातून हेच राहिलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या दिवशी (ईडा पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक असते तेव्हा), नागपूरच्या महाल भागात आत्याकडे गेलो होतो. तिचा लॅपटॉप विंडोज सेव्हनच्या काळातला, डिस्क ५०० जीबीची, दोन दिवसांपासून सुरूच होत नव्हता. माझ्या पिशवीत सगळं होतं. पेचकसांचा संच, लिनक्सचा पेनड्राइव्ह, डिस्क बाहेरून जोडायची केबल. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू झाला, डिस्क दिसली, फोल्डर उघडले. आजीकडून ऐकून आत्याने टाइप केलेल्या जात्यावरच्या ओव्यांची फाइलसुद्धा दिसली. मग डोक्यात उजेड पडला की हे उतरवायचं कुठे? खिशात १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह, त्यात जागा तीन जीबी. दारात पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा (पोळ्याचे पैसे) मागत होती, गल्लीच्या तोंडाशी मिरवणुकीची गर्दी, गाडी काढायची सोय नाही, दुकानं बंद. शहाण्या माणसाने ओव्यांची तेवढी फाइल त्या तीन जीबीत टाकली असती आणि लॅपटॉप मिटवला असता. मी म्हटलं, उद्या डिस्क आणतो, तोवर दुरुस्त तरी करून ठेवू. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय, लावली आणि झोपलो.

सकाळी आत्या चहा घेऊन आली. "काऊन रे, झाला का सुरू?" स्क्रीनवर अकरा टक्के, आतून टक्-टक्-टक्. बंद करून परत चालू केला तर बायोसला (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) डिस्कच दिसेना. ईडा पीडा आमच्याकडेच राहिली, मारबतीबरोबर डिस्क गेली. आत्याने चाळीसेक ओव्या कधीतरी कागदावर छापून ठेवल्या होत्या, तेवढ्याच उरल्या.

चेकडिस्क वाईट नाही, पण ती फाइलींची मांडणी दुरुस्त करते, डिस्क नाही. तिला 'आर' जोडून चालवली की ती पूर्ण पृष्ठभाग वाचत सुटते आणि वर त्याच डिस्कवर लिहिते. मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडे थोडे तास उरलेले असतात. ते तिच्यातून माल बाहेर काढण्यात घालवायचे. म्हणून डीफ्रॅग (फाइलींची फेरमांडणी) नको, विंडोजची आपोआप होणारी दुरुस्ती नको, आणि 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' असं विंडोज विचारेल तेव्हा रद्द. दहा वेळा विचारलं तर दहा वेळा रद्द.

आता रिकामी डिस्क म्हणजे कशी, कारण यातही लोक चुकतात. रिकामी म्हणजे रिकामी. 'भावाच्या डिस्कमध्ये थोडी जागा आहे' ही रिकामी डिस्क नव्हे. आकाराने मोठी हवी. बिघडलेली ५०० ची असेल तर १ टीबीची घ्या, आणि याला जागेपलीकडेही एक कारण आहे. लिनक्समध्ये डिस्का 'एसडीए', 'एसडीबी' अशा नावांनी दिसतात आणि ही नावं दर वेळी तीच राहतील याची हमी नसते. दोन्ही ५०० च्या असल्या तर रात्री साडेअकराला कोणती कोणाची हे कळत नाही, आणि उलटी कॉपी झाली तर कोरी डिस्क जुन्या डिस्कवर चढते. त्यावर कोणाकडेच औषध नाही. आकार वेगळा असला की नजरेलाच कळतं. तरी लेबलवरचा सिरियल नंबर कागदावर उतरवून घ्या.

ही डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली नको. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही आणि तुम्हाला बनवायची आहे अख्ख्या डिस्कची एकच फाइल. एनटीएफएस किंवा एक्सएफएटी करून ठेवा. आणि नवी आणली म्हणून विश्वास ठेवू नका. स्वस्तात मिळणाऱ्या '२ टीबी' पेनड्राइव्हमध्ये बरेचदा आत ३२ किंवा ६४ जीबीच असतं. बाकीचं सगळं 'लिहिलं' म्हणून दाखवतात आणि हवेत सोडतात. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर पूर्ण भरून आणि परत वाचून खरं-खोटं सांगतं. रात्रभर लागेल, लागू द्या. दुकानदार नाराज होईल, होऊ द्या.

पेचकस शून्य आणि डबल शून्य नंबरचे. स्क्रू वाट्यांमध्ये, मोबाइलवर फोटो. बॅटरी आधी काढा. पुढे.

केबल. साटा-ते-यूएसबी केबल (साटा म्हणजे डिस्कचं नेहमीचं तोंड) बहुतेक लॅपटॉपना चालते, पण फारच जुना, २००६ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा असेल तर आत ४४ पिनांची, जुन्या तोंडाची आयडीई डिस्क निघू शकते, तिची केबल वेगळी. उघडून बघा, मग विकत घ्या. दुसरं म्हणजे करंट. यूएसबी २ चं तोंड नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. लॅपटॉपची डिस्क फिरायला सुरुवात करताना याहून जास्त ओढू शकते. मग ती फिरायला बघते, थांबते, परत बघते, आणि आपण म्हणतो डिस्क गेली. दोन तोंडांची केबल घ्या, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेली.

लाइन. जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच असते, तो भिंतीवर जगतो. कॉपी चालू असताना लाइन गेली की सगळं जागच्या जागी बसतं. इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा. रिकामी डिस्कही त्याच प्लगवर, नाहीतर एक चालू आणि एक बंद अशी गंमत होते.

ऊन. हे नागपूरबाहेरच्यांना सांगावं लागतं. इथे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालेलं आहे. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्का ६० अंशांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात, पण मे महिन्यात दुपारी खोलीतच ४० असेल आणि लॅपटॉपच्या पंख्यात दहा वर्षांच्या धुळीचा गोधडीसारखा थर असेल तर ६० ला पोचायला वेळ लागत नाही. डिस्क बाहेर काढून टेबलावर, लाकडी पाटावर ठेवा, वरून पंखा. काम रात्री दहानंतर. कूलरसमोर मात्र नको. खसाच्या गारव्याबरोबर पाण्याचे तुषारही येतात. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा एक जुना 'उपाय' अजून लोक सांगतात. बाहेर काढल्याबरोबर तिच्यावर दव धरतं, विशेषतः आपल्या पावसाळ्यात. करू नका.

मग प्रश्न, बिघाड डिस्कचाच आहे का? बरेचदा नसतो. लॅपटॉप सुरू केल्यावर तारीख भलतीच दिसत असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. तो संपला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, त्यात साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलट गेला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून परत परत सुरू होत राहतं. डिस्क ठणठणीत असते. सेल बदला, मोड पूर्वीसारखा करा, झालं. काही मॉडेलांत डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये कागदासारखी पातळ पट्टी असते, ती सैल होते किंवा दुमडीवर तुटते. डिस्क बाहेर काढून केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला नीट वाचता आली तर दोष पट्टीचा.

रिकामी डिस्क तयार असेल तरच पुढचं वाचा.

स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल. वर मोठ्या अक्षरात 'पास' किंवा 'गुड' लिहिलेलं असेल त्यावर जाऊ नका. ३० मे २०२४ ला आपल्याच नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि मग कळलं की सेन्सरच बिघडलेला. एका आकड्याचं असंच असतं. खालच्या ओळी वाचा. पाच नंबर, म्हणजे डिस्कने खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे ज्यांचा निकाल लागायचाय ते. १९८, दुरुस्त न होणारे. या तिघांत शून्याहून मोठा आकडा असेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क निघाली. १९९ एकटाच वाढत असेल तर आधी पट्टी आणि केबल बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे नंबर ०५, सी५, सी६, सी७ असे दाखवतं आणि शेवटच्या स्तंभातले आकडेही दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेले असतात. तिथे १० दिसलं म्हणजे सोळा. सेटिंगमध्ये दशमान करता येतं. आत्याच्या डिस्कचा १९७ दोनशेच्या वर होता. मी बघितला होता. बघूनही चेकडिस्क लावली.

टक्-टक् आवाज पहिल्या मिनिटालाच येत असेल किंवा डिस्क फिरतच नसेल तर घरचे प्रयोग थांबवा. आतलं वाचणारं डोकं तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्याच्यापुढे धोंडा असतो. डिस्कचं झाकण उघडून बघणाऱ्यांनी निदान व्हिडिओ तरी काढू नये. आतला माल खरंच मोलाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्यांकडे न्या, आधी दर विचारा, आणि त्यांच्याकडेही माल घ्यायला रिकामी डिस्क लागतेच.

कॉपी करताना आधी जीव अडकलेल्या दोन-चार फाइली हाताने काढून घ्या, खिशातल्या पेनड्राइव्हवर का होईना. मग अख्खी डिस्क. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर. साधी कॉपी खराब जागी अडकून बसते, हे मात्र आधी जेवढं सहज वाचता येतं तेवढं उचलतं, अवघड जागा शेवटी ठेवतं. सिस्टमरेस्क्यूच्या (दुरुस्तीसाठीच्या लिनक्सच्या) पेनड्राइव्हवर ते आयतंच असतं. पहिल्या फेरीला 'एन' पर्याय, म्हणजे खरवडत बसत नाही. दुसऱ्या फेरीला 'डी' आणि 'आर३', म्हणजे उरलेल्यासाठी तीन प्रयत्न. सोबत ते एक मॅपफाइल लिहितं, कुठवर आलो त्याची. ती मॅपफाइलही रिकाम्या डिस्कवरच ठेवा. पेनड्राइव्हवरून चालवलेल्या लिनक्सचं 'होम' रॅममध्ये असतं, लाइन गेली की मॅपफाइल गेली, परत पहिल्यापासून. यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबी धरले तर धडधाकट ५०० जीबीलाही साडेचार-पाच तास लागतात. खराब डिस्कला दोन दिवसही लागतात. 'का करून राहिला बे तू दोन दिवसांपासून' असं घरचे म्हणतील.

फाइली उचलताना माय डॉक्युमेंट्सवर थांबू नका. डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचं डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी (ईमेल साठवलेली फाइल). आणि फॉन्ट! जुन्या लॅपटॉपवरचं मराठी बहुतेक युनिकोड (कुठेही वाचता येणारं) नसतं, कृतिदेव नाहीतर श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतं. विंडोजमधलं फॉन्ट फोल्डर उचललं नाही तर फाइल बचावते, उघडते, आणि पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आत्याच्या ओव्या कृतिदेवमध्येच होत्या.

डीव्हीडी ड्राइव्ह चालत नसेल तर भिंगावरून कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल हलकेच फिरवा. सीडी अडकली असेल तर समोरच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन. नाही झालं तर सोडून द्या.

कॉपी झाल्यावर दहा-बारा फोटो आणि दोन मोठे व्हिडिओ पूर्ण उघडून बघा, नावं दिसली म्हणजे आले असं नाही. चेकडिस्क चालवायची हौस असेल तर इमेजच्या (अख्ख्या डिस्कच्या त्या एका फाइलच्या) दुसऱ्या प्रतीवर. नवीन एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली डिस्क) टाका, जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाडीची आणि एसएसडी ७ ची असेल तर मधे जाडी भरून काढणारी चौकट लागेल. विंडोज कोरं घाला. जुनी डिस्क महिनाभर फेकू नका, वर तारीख लिहा.

आणि ती रिकामी डिस्क आता भरलेली आहे. पुढच्या लॅपटॉपसाठी दुसरी आणा.