अपडेटनंतर विंडोज सुरूच होत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे करा

अपडेट झालं आणि लॅपटॉप लोगोपाशीच अडकला, किंवा निळा पडदा येऊन पुन्हापुन्हा रिस्टार्ट व्हायला लागला, की पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅटचा. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. अपडेट विंडोजच्या स्वतःच्या फाइली बदलतं. तुमचे फोटो, टॅलीचा डेटा, मुलांचे प्रोजेक्ट डिस्कवर जसेच्या तसे असतात. म्हणून आधी अपडेट मागे घ्यायचं आणि ते जमलंच नाही तर पुढचा विचार करायचा. खालची माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे.

पडद्यावर टक्केवारी दिसत असेल तर हात लावू नका. जुन्या हार्ड डिस्कवर मोठ्या अपडेटला तास-दोन तास सहज लागतात. डिस्कचा दिवा लुकलुकतोय म्हणजे काम चालू आहे. मध्येच बंद केलंत तर अर्ध्या फाइली नव्या आणि अर्ध्या जुन्या राहतात. तीन तासांत आकडा हलला नाही आणि दिवाही शांत असेल, तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून मशीन बंद करा. चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगच्या वेळेत हे काम काढू नका. पेन ड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क सगळं काढा, कारण कधीकधी मशीन त्या पेन ड्राइव्हवरूनच सुरू व्हायला बघत असतं.

पडदा काळा आहे पण माउसचा बाण हलतोय, तर विंडोज सुरू झालेलं आहे, फक्त डेस्कटॉप दिसत नाही. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. फरक पडला नाही तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'रन न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर टाइप करा.

आधी बिटलॉकरची की शोधा

ही पायरी लोक वगळतात आणि मग मध्येच अडकतात. नव्या लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीतही, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन केलं की डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते. मग दुरुस्तीच्या मेनूतले बहुतेक पर्याय ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. विंडोज अपडेटमधून बायोसचं (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट आलं, तर मशीन सुरू होतानाच ती मागितली जाऊ शकते. मोबाइलवर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, 'डिव्हायसेस'मध्ये लॅपटॉप निवडा, की तिथे मिळेल. एकापेक्षा जास्त दिसल्या तर लॅपटॉपच्या पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली आठ अक्षरं जुळतात ती तुमची. ऑफिसचं मशीन असेल तर की आयटी विभागाकडे असते. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. उपाय होता सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक गोष्टींसह विंडोज सुरू करणं) जाऊन एक फाइल खोडण्याचा, पण अनेक ठिकाणी काम रखडलं ते या कीपायी.

दुरुस्तीचा मेनू आणि अपडेट काढणं

मशीन सुरू करा, लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' येतं. तिथून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'ट्रबलशूट' आणि पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. मेनू आलाच नाही, तर दुसऱ्या मशीनवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवा. हा पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. तो बिघडलेल्या मशीनला लावा आणि सुरू होताना बूट मेनूसाठी (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडण्यासाठी) बटण दाबा: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. पुढे 'इन्स्टॉल' न दाबता 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडा.

मेनूत 'अनइन्स्टॉल अपडेट्स' निवडा. दर महिन्याचं अपडेट असेल तर 'क्वालिटी अपडेट', विंडोजची आवृत्तीच बदलली असेल तर 'फीचर अपडेट'. फीचर अपडेट साधारण दहा दिवसांतच मागे घेता येतं, नंतर विंडोज जुन्या फाइली खोडून टाकतं. 'स्टार्टअप रिपेअर' एकदा चालवून बघा, पण अपडेटने बिघडलेल्या मशीनवर त्याचा फारसा भरवसा धरू नका.

अपडेट निघालं तरी निळा पडदा कायम असेल तर ड्रायव्हरवर संशय घ्या. 'स्टार्टअप सेटिंग्ज', 'रिस्टार्ट', मग ४ दाबून सेफ मोड. आत गेलात तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्स किंवा स्टोरेजचा ड्रायव्हर 'रोल बॅक' करा, म्हणजे आधीच्या आवृत्तीवर न्या. पडद्यावर 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' लिहून येत असेल तर बायोसमधलं स्टोरेज सेटिंगही पाहा. बायोस अपडेटनंतर ते व्हीएमडी किंवा रेडवरून एएचसीआयवर (ही डिस्क जोडण्याच्या पद्धतींची नावं), किंवा उलट, गेलं की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. पूर्वीचं सेटिंग परत केलं की मशीन चालू होतं.

अपडेट निघायलाच नकार देत असेल तर

याचं कारण बहुधा अर्धवट राहिलेलं काम असतं: विंडोज ते दरवेळी पुरं करायला जातं आणि दरवेळी पडतं. इथे कमांड लागते, पण आधी फाइली वाचवा. मेनूतून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, नोटपॅड टाइप करून एंटर दाबा. नोटपॅडच्या 'फाइल', 'ओपन'मध्ये खाली 'ऑल फाइल्स' निवडा. या खिडकीतून 'यूजर्स' फोल्डरमधल्या फाइली उजव्या क्लिकने कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतात. कॉपीची प्रगती दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटेल, थांबा. त्याच वेळी विंडोज कोणत्या अक्षराच्या ड्राइव्हवर आहे ते टिपून घ्या, कारण इथे सी ड्राइव्ह डी म्हणूनही दिसतो.

मग ही कमांड, इंग्रजी अक्षरांत: डीआयएसएम, जागा, स्लॅश इमेज कोलन सी कोलन बॅकस्लॅश, जागा, स्लॅश क्लीनअप हायफन इमेज, जागा, स्लॅश रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स. शेवटचे रिव्हर्ट, पेंडिंग, ॲक्शन्स हे तीन शब्द जोडून लिहायचे, आणि सीच्या जागी तुम्ही टिपलेलं अक्षर. यशस्वी झाल्याचा संदेश आला की रिस्टार्ट करा. पहिल्यांदा वेळ लागेल.

कॉपी करताना डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा चुका येत असतील, तर कमांडच्या भानगडीत पडू नका. कमकुवत डिस्कवर अपडेटच्या जोरदार लिखाणाने शेवटचा घाव बसलेला असतो आणि प्रत्येक दुरुस्ती ती आणखी खराब करते. फाइली काढा, नवी एसएसडी डिस्क बसवा.

हे सगळं करूनही मशीन उठलं नाही तर 'रीसेट धिस पीसी', 'कीप माय फाइल्स'. फाइली राहतात, सॉफ्टवेअर सगळं जातं, त्यामुळे टॅलीसारख्यांचे लायसन्स क्रमांक आधी शोधून ठेवा.

डेस्कटॉप दिसला की लगेच सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट'मध्ये जाऊन 'पॉज अपडेट्स' करा. नाहीतर तेच अपडेट त्याच रात्री परत उतरेल. विंडोज ११ मध्ये एक ते पाच आठवडे निवडता येतात. तेवढ्या अवधीत लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून बायोस आणि स्टोरेज ड्रायव्हर अद्ययावत करून घ्या, आणि बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा.