ईमेलवर पाच-तीन-दोन कसं खेळावं

पाच-तीन-दोनला भिडू तीनच लागतात आणि पानं ३०, त्यामुळे मेलवर खेळायला हा डाव सोयीचा. झब्बू किंवा चॅलेंजच्या फंदात पडू नका. त्यांची मजा समोरच्याचं तोंड बघण्यात आहे.

आधी पंच शोधा, न खेळणारा. आमच्याकडे हे काम आत्या करते. सत्तीपासून एक्क्यापर्यंतची पानं घेऊन किलवर आणि चौकटच्या सत्त्या बाजूला काढते, पिसते, आणि पाच-पाच पानं ज्याची त्याला मेल करते. तिघांना अनुक्रमे पाच, तीन आणि दोन हात करायचे असतात; त्यातल्या पाचवाल्याने हुकूम कळवला की उरलेली पाच-पाच. पंचाशिवाय दूरवर पत्ते कसे वाटायचे यावर शमीर, रिव्हेस्ट आणि एडलमन यांनी १९७९ साली निबंध लिहिला होता. कूटलिपीने ते जमतं, पण आत्या स्वस्त पडते. एक मात्र सांभाळा: ‘रिप्लाय ऑल’ दाबू नका. माझ्या मामेभावाने दहाही पानं अशीच सगळ्यांना दाखवली आणि आत्याला परत पिसावं लागलं.

खरी अडचण पुढे आहे. दहा हात, हाताला तीन पानं, म्हणजे डावाला ३० मेल. एकमेकांची वाट बघत बसलात तर महिना जाईल. टपालाने बुद्धिबळ खेळणारे वापरायचे ती युक्ती इथेही चालते: ‘असं झालं तर असं’. मागचा हात जिंकणारा उतारीचं पान कळवतो आणि बाकी दोघे, उतारी काय ते न बघता, पंचाला लिहितात:

“बदाम आला तर राजा, पण आधीच एक्का पडला असेल तर अठ्ठी. चौकट आली तर गुलाम. किलवर माझ्याकडे नाही, हुकुमाच्या नव्वीने मारा. हुकूमच उतरला तर नव्वी.”

चारही रंगांचं लिहिलंत की काम झालं. रोज एक हात, दहा दिवसांत डाव.

आत्या रात्री नऊला अख्खा हात एकदम जाहीर करते. तेव्हा दुबईत साडेसात वाजलेले असतात, न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा. पान आल्या आल्या कळवायचं नाही, कारण झटपट उत्तर आलं की बाकीचे ओळखतात, याच्याकडे त्या रंगाचं एकच पान उरलंय. नऊपर्यंत मेल आलाच नाही तर पंच त्या रंगातलं सगळ्यात लहान पान टाकेल, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

उरलं ओढणं. मागच्या डावात जास्त हात करणारा, कमी पडलेल्याचं पान न बघता ओढतो आणि नको ते परत देतो. मेलवर न बघता कसं ओढणार? पंचाने त्याची दहा पानं पिसून एक ते दहा अशी मांडायची, फोटो काढून ठेवायचा आणि ओढणाऱ्याकडून फक्त आकडा मागायचा. डाव संपला की फोटो सगळ्यांना पाठवायचा. गेल्या खेपेला मी ‘सात’ म्हटलं आणि मामेभावाचा हुकुमाचा एक्का आला. फोटो बघेपर्यंत तो आत्याशी नीट बोलत नव्हता.