फार्मसीसाठी कर्ज काढताय? सहीआधी या चुका टाळा

बारावीला पीसीबी होतं, नीटमध्ये एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. मग "बी.फार्म. कर, काहीच नाही जमलं तर मेडिकल टाकता येईल" असा सल्ला मिळतो आणि आठ दिवसांत बँकेत कागद जातात. दोन-तीन वर्षांनी त्याच घरात प्रश्न उभा राहतो, चुकलं का? फार्मसी हे क्षेत्र वाईट नाही. पण कर्जाचा हप्ता आणि पहिला पगार एका कागदावर मांडून कुणी पाहिलेलेच नसतात, आणि सगळा त्रास तिथून सुरू होतो.

फक्त मुद्दल पाहणं

समजा वर्षाला 1 लाख असं चार वर्षांत 4 लाख कर्ज घेतलं, व्याज 10 टक्के. शिक्षण संपल्यावरही साधारण एक वर्ष हप्ता नसतो, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. सरळव्याजाने पहिल्या लाखावर पाच वर्षांचे 50 हजार, दुसऱ्यावर 40, तिसऱ्यावर 30, चौथ्यावर 20. हप्ता सुरू होतो त्या दिवशी देणं 5 लाख 40 हजार झालेलं असतं. दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण 7,140 रुपये.

शिकत असताना आणि नंतरच्या त्या एका वर्षातही व्याज भरत गेलात तर हप्ता 5,290 च्या आसपास येतो. पहिल्या वर्षी महिन्याला साधारण 835 रुपये, चौथ्या वर्षी 3,335. भरलेलं व्याज धरूनही एकूण 82 हजारांच्या घरात वाचतात. असं व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला काही बँका दरात 1 टक्का सवलत देतात. ती आपणहून विचारावी लागते.

आता पगार. समजा पहिली नोकरी 16 हजारांची मिळाली. 7,140 चा हप्ता म्हणजे जवळजवळ निम्मा पगार गेला, खोलीभाडं आणि मेस अजून बाकीच. आमच्या मते हप्ता पहिल्या पगाराच्या पावपटीवर जाऊ देऊ नये. तो पगार किती असेल हे कॉलेजच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. तालुक्यातल्या पाच मेडिकलमध्ये आणि दोन हॉस्पिटलच्या फार्मसीत जाऊन विचारा, त्याच कॉलेजमधून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना फोन करा. प्लेसमेंटचा सर्वांत मोठा आकडा एकाच मुलाचा असतो. बाकीच्यांचं काय झालं ते विचारा.

कॅप सोडून थेट संस्थेत प्रवेश

जवळचं कॉलेज "आमच्याकडे थेट घ्या" म्हणतं आणि कॅप फेरीची (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची) वाट पाहायचा कंटाळा येतो. इथे सर्वांत जास्त पैसे जातात. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसीतल्या मुलींना पूर्ण शुल्क मिळतं. पण त्यासाठी प्रवेश कॅपमधून हवा. संस्थास्तरावरचा प्रवेश म्हणजे ही रक्कम स्वतःच्या हाताने सोडणं.

कॉलेज सांगतं ती फी मान्य फी आहे का, हे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय पाहा. जास्तीची रक्कम मागितली तर पावती मागा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलमार्फत आधारला जोडलेल्या खात्यात येतात. आधार जुन्याच कुठल्यातरी खात्याला जोडलेला असला की वर्षभर हेलपाटे होतात. अर्ज दर वर्षी नव्याने करायचा असतो.

मान्यता न तपासणं

नवीन फार्मसी कॉलेजांवर पीसीआयने (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया) घातलेली बंदी सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. त्यामुळे फलक नवा असलेलं कॉलेज दिसलं तर पीसीआयच्या यादीत त्याचं नाव, तोच कोर्स, तेच वर्ष आणि मंजूर जागा या चारही गोष्टी जुळतात का पाहा. विद्यापीठाची संलग्नता पुरेशी नाही. पीसीआयची मान्यता नसेल तर पदवी हातात येऊनही राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होणार नाही, आणि नोंदणीशिवाय काउंटरवर उभं राहता येत नाही. "घरबसल्या डी.फार्म." (फार्मसीचा डिप्लोमा) म्हणून मिळतं ते निव्वळ फसवणुकीचं काम आहे.

कोर्स नावावरून निवडणं

मेडिकलच टाकायचं पक्कं असेल तर चार वर्षांच्या कर्जाची गरज नाही. दोन वर्षांचं डी.फार्म. आणि 500 तासांचं प्रशिक्षण यावर नोंदणी होते. 2022 च्या नियमांनी डिप्लोमाधारकांसाठी नोंदणीआधीची तीन पेपरांची एक्झिट परीक्षा आणली, प्रत्येक पेपरात 50 टक्के हवेत. तुमच्या बॅचला ती लागू आहे का, हे कौन्सिलकडे विचारून घ्या. नंतर वाटलंच तर बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो.

अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं म्हणून बी.फार्म.साठी कर्ज काढू नका. 2003 पासून पदवी घेतलेल्यांना तिथे किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आपलं बी.फार्म. चार वर्षांचं आहे. सहा वर्षांचं फार्म.डी. त्या अटीत बसतं, पण त्या जादा दोन वर्षांची फी आणि व्याज वरच्याच पद्धतीने मांडून बघा.

औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) जायचं असेल तर एम.एस्सी. केमिस्ट्रीवालेही रांगेत असतात. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) खरोखर हात बसलेला हवा: मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) गाळून डीगॅस करणं म्हणजे त्यातली हवा काढणं, सिस्टिम सुटेबिलिटीत (यंत्र नीट चालतं का याच्या चाचणीत) आरएसडी, म्हणजे पुन्हापुन्हा मोजलेल्या आकड्यांतली तफावत, 2 टक्क्यांच्या आत का हवी, आलेखातल्या शिखराला शेपूट कशामुळे येते. कॉलेजचं यंत्र प्लास्टिकच्या आवरणाखाली असेल तर ते प्रवेशाआधीच डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

सर्टिफिकेट भाड्याने देणं

हप्ता सुरू झाला की हा मोह होतो. मेडिकलचा मालक म्हणतो, "लायसन्सवर फक्त नाव लावू द्या, यायची गरज नाही." दुकानात एच-1 औषधांची (कडक नियंत्रणाखालची, चिठ्ठीवरच द्यायची औषधं) वेगळी नोंद ठेवावी लागते: डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं; आणि ती तीन वर्षं जपायची असते. तुम्ही घरी असताना दुसऱ्याने चिठ्ठीशिवाय काउंटरवरून दिलेल्या अल्प्राझोलमचा (एच-1 मधलंच एक औषध) जबाब तपासणीत तुमच्याकडे मागितला जातो. शिवाय तुमचं नाव एका लायसन्सवर अडकलेलं असतं, त्यामुळे खरी नोकरी मिळते तेव्हा नवं दुकान ते नाव लावू शकत नाही. आधीच अडकला असाल तर मालकाला तोंडी सांगून थांबू नका. लेखी राजीनामा थेट एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) जिल्हा कार्यालयात द्या आणि शिक्क्याची पोच घ्या.

मध्येच शंका आली तर

कोर्स सोडण्याआधी राहिलेले विषय मोजा. बी.फार्म.मध्ये पहिल्या दोन सेमिस्टरचे सगळे विषय सुटल्याशिवाय पाचव्या सेमिस्टरला बसता येत नाही. तिथे वर्ष गेलं की खोलीभाडं, मेस आणि कर्जाचं व्याज वाढतं आणि शिष्यवृत्तीही अडचणीत येते. म्हणून केमिस्ट्रीचा एक विषय राहिलाय म्हणून चौथ्या सेमिस्टरपर्यंत ढकलत नेऊ नका, तिसऱ्यातच सोडवा.

हप्ता थकल्यावर बँकेला टाळणं

हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) होतं. वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे सिबिल दोघांचाही बिघडतो आणि त्यांचं पुढचं पीककर्ज अडू शकतं. पहिलाच हप्ता चुकणार असं दिसलं की शाखेत जा. नोकरी गेली किंवा पगार फारच कमी असेल तर भारतीय बँक संघटनेच्या (आयबीए) आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत हप्त्याला तात्पुरती सवलत मागायची सोय आहे. मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचाही अर्ज करता येतो. अर्ज दोन प्रतींत न्या, नोकरी सुटल्याचं पत्र किंवा पगाराची स्लिप जोडा, एका प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि ती प्रत जपून ठेवा.