तंगडी बाहेरून काळी, आतून कच्ची राहू नये म्हणून

जोडून सुट्टी आली की साताऱ्याकडे शेतावर पाहुणे जमतात आणि कुणीतरी कोळशावर जाळी मांडतंच. घोळ होतो तो आचेचा. कोळशावर पांढुरकी राख धरेपर्यंत चिकन ठेवू नका. ज्वाळा उठतायत तोवर नुसती काजळी बसते.

निखारे सगळीकडे पसरायचे नाहीत. एका अंगाला लोटा, दुसरं रिकामं ठेवा. तंगड्या आधी रिकाम्या बाजूला मांडून वर मोठं पातेलं पालथं घाला, खालून थोडी फट ठेवून. साधारण पाऊण तासाने थर्मामीटर खुपसून बघा, टोक हाडाला टेकवू नका. ७४ अंश सेल्सियस झालं की शिजलं. रंगावर भरवसा नको, हळद-तिखटात तो कळतच नाही. मग निखाऱ्यांवर आणून दोन मिनिटं खरपूस करा. कराडच्या गुळाचं पाणी फासायचं तर ते आत्ता. आधी लावलं की गूळ जळून कडवट होतो.

धुरासाठी आंब्याच्या वाळक्या ढलप्या निखाऱ्यावर टाका, फार नको. पातळ, निळसर धूर चांगला. पांढरा लोट निघाला तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कोंडली आहे. प्लायवूड, रंगवलेल्या फळ्या अजिबात नकोत.

बोकडाचं मटण एवढ्यात मऊ पडत नाही. ते कुकरला अर्धवट शिजवून मगच जाळीवर घ्या, कोणी नाक मुरडलं तरी. आणि कच्चं चिकन मुरवलेल्या परातीत भाजलेले पीस परत टाकू नका.